फोन उचलणाऱ्यांच्या मागची खुर्ची

१० नोव्हेंबर १९३५. लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागली. रस्ता सुखवस्तू माणसांचा, घरोघरी टेलिफोन असलेला. शेजारच्या एका गृहस्थाने बंबवाल्यांना कळवावे म्हणून शून्य फिरवले. पलीकडे वेलबेक एक्स्चेंज होते आणि तिथे त्याचा फोन इतर फोनांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आगीचा फोन कोणता आणि गप्पांचा कोणता, हे ओळखण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. बंब येऊन दाखल झाले तरी हा गृहस्थ रिसीव्हर कानाला लावून उत्तराची वाट पाहतच होता. त्या घरात पाच स्त्रिया मरण पावल्या.

गृहस्थाने 'द टाइम्स' या वृत्तपत्राला संतप्त पत्र लिहिले. सरकारने समिती नेमली. त्यातून ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. जगातील पहिला आणीबाणीचा टेलिफोन क्रमांक म्हणून तो ओळखला जातो.

९९९ च का, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला आवडण्याजोगे आहे. १११ घेतला असता तर तारा एकमेकींना घासल्या तरी तो क्रमांक आपोआप लागण्याचा धोका होता. २२२ हा एका एक्स्चेंजचा क्रमांक होता. ००० मधले पहिले शून्य फिरवताच साधी ऑपरेटर मिळे. धुरात किंवा अंधारात बोटाने चाचपडून सापडावा आणि नाणे न टाकता सार्वजनिक यंत्रावरूनही लागावा, अशा अटींतून नऊ शिल्लक राहिला. ९९९ चा फोन आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा पेटे आणि मोठा भोंगा वाजे. भोंग्याचा आवाज इतका कर्कश होता, की त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबून तो कमी करावा लागला, असे सांगतात.

ही कथा आजवर अनेकदा सांगितली गेली आहे आणि दर वेळी तिचा नायक असतो तो क्रमांक. पुढे अमेरिकेत १९६८ मध्ये ९११ आला, भारतात १००, १०१, १०२ असे वेगवेगळे क्रमांक रुजले आणि अलीकडे ते सारे ११२ मध्ये विलीन होऊ लागले. क्रमांकांचा इतिहास म्हणून हे सारे बरोबरच आहे. पण त्यात एक पात्र सतत गाळले जाते.

त्या काळचे कोणतेही एक्स्चेंजचे छायाचित्र पाहावे. उंच स्टुलांवर मुलींची लांब रांग, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फलक. आणि रांगेच्या मागे, बहुधा हात पाठीशी घेतलेली, एक प्रौढ स्त्री उभी. ही पर्यवेक्षिका. ती स्वतः फोन घेत नाही. कोणत्या मुलीपुढे किती दिवे पेटले आहेत, कुठे फोन अडकला आहे, कोणाला मदत हवी आहे, हे ती पाहते. प्रत्येक मुलीला एकच संभाषण ऐकू येते. सगळ्या संभाषणांचा मिळून काय अर्थ होतो, हे कळण्याची शक्यता त्या दालनात फक्त हिलाच असते.

आणीबाणीच्या नियंत्रण कक्षाचा खरा इतिहास या मागच्या खुर्चीचा आहे, असे या धाग्याचे म्हणणे आहे. गेल्या पाऊण शतकात संकटातल्या माणसाचा आवाज कक्षापर्यंत आणणारी वाट सुधारण्यासाठी अमाप पैसा आणि बुद्धी खर्च झाली. कक्षाला जे कळले ते घटनास्थळी पोचवणारी आणि घटनास्थळी जे ठरले ते फोनवरच्या माणसाला सांगणारी परतीची वाट मात्र उपेक्षित राहिली. ती वाट सांभाळणे हे पर्यवेक्षकाचे काम. ते काम नेमके काय आहे, याचा विचार बहुतेक ठिकाणी प्रेते मोजून झाल्यावरच झाला.

न्यूयॉर्कपासून सुरुवात करू.

११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर पहिले विमान आदळले. ९११ वर फोनांचा पूर लोटला. या शहरात ९११ चे फोन पोलीस खात्याचे ऑपरेटर घेत. आगीचा फोन असला तर तो अग्निशमन दलाच्या डिस्पॅचरकडे वळवला जाई. उंच इमारतीतील आगीसाठी ठरलेला सल्ला असा होता: आहात तिथेच थांबा, जमिनीलगत राहा, माणसे येत आहेत. काँक्रीटच्या इमारतीत एका खोलीला आग लागली असेल तर हा सल्ला शहाणपणाचाच आहे.

पहिल्या धडकेनंतर दहा-अकरा मिनिटांतच, म्हणजे ८.५७ पर्यंत, अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी दक्षिण मनोराही रिकामा करावा असे इमारतीच्या कर्मचाऱ्यांना सांगितले होते. तोवर दुसरे विमान आले नव्हते. हा निर्णय घटनास्थळी झाला, पण ९११ च्या ऑपरेटरांपर्यंत तो पोचला नाही. दक्षिण मनोऱ्यातून लोक फोन करून विचारत होते, निघू की थांबू? ऑपरेटर आपल्या पुस्तिकेप्रमाणे थांबायला सांगत होते. आग नेमकी कोणत्या मजल्यांवर आहे हेही त्यांना कोणी कळवलेले नव्हते. त्यामुळे फोन करणारा आगीच्या वर आहे की खाली, एवढी मूलभूत गोष्ट ते सांगू शकत नव्हते. गच्चीवरून सुटका होणार नाही हे ठरले होते, तेही त्यांना ठाऊक नव्हते.

९/११ आयोगाच्या २००४ च्या अहवालात एक नोंद आहे. तरुण अभ्यासकांनी ती सावकाश वाचावी. ९.३७ वाजता दक्षिण मनोऱ्याच्या १०६ व्या मजल्यावरील एका माणसाने ९११ ला सांगितले, की आपल्या खालचा, नव्वदच्या घरातला एक मजला कोसळतो आहे. इमारत पडण्याआधी एकवीस-बावीस मिनिटे तिच्या पोटातून आलेली ही बातमी. ऑपरेटरने ती पोलिसांच्या डिस्पॅचरला चुकीची सांगितली. डिस्पॅचरने तिचा आणखी विपर्यास केला आणि ९.५२ ला बिनतारीवर सांगितले, की १०६ वा मजला ढासळतो आहे. पंधरा मिनिटे गेली होती आणि मजलाही बदलला होता. शिवाय संदेश गेला तो पोलिसांच्या काही वाहिन्यांवर. ज्या वाहिनीवरून तो सर्वदूर ऐकू गेला असता त्या वाहिनीवर तो दिलाच गेला नाही. ९.५९ च्या सुमारास मनोरा कोसळला.

या नोंदीवरून ऑपरेटरला दोष देणे सोपे आहे आणि तसा तो दिला गेलाही. पण त्या सकाळी एकेक ऑपरेटर एकामागून एक मरणोन्मुख माणसांशी बोलत होता. 'नव्वदच्या घरातला' आणि 'एकशे सहावा' यांतला फरक जीवनमरणाचा आहे हे त्याला कसे कळावे? ज्याला एकच तुकडा दिसतो त्याला त्या तुकड्याची किंमत ठरवता येत नाही. ती ठरवणारा माणूस रांगेच्या मागे हवा. त्याला घटनास्थळाच्या प्रमुखाशी थेट बोलता आले पाहिजे, आणि त्याने पाठवलेला शब्द आठ तोंडांतून न जाता एका कानापर्यंत पोचला पाहिजे. ९११ चे फोन घेणाऱ्यांना आपत्तीशी झुंजणाऱ्या फौजेचाच भाग मानावे, असे आयोगाने सुचवले. म्हणजे तोवर त्यांना तसे कोणी मानत नव्हते, हे वाचकाने ओळखावे.

न्यूयॉर्कच्या अहवालातून लंडनने काय घेतले? ९९९ ज्या शहरात जन्मला त्या शहरातच पुढचे प्रकरण घडावे, यात दैवाचा काही कुटिल विनोद असावा.

३ जुलै २००९ रोजी दक्षिण लंडनमधील लाकानल हाउस या चौदा मजली इमारतीला आग लागली. सहा जण मरण पावले, त्यांत तीन मुले होती. एक तरुणी सुमारे चाळीस मिनिटे अग्निशमन दलाच्या ऑपरेटरशी फोनवर होती. घरातच थांबा, आमची माणसे तुमच्यापर्यंत येतील, असे तिला सांगितले जात होते. माणसे येणार हे ऑपरेटरने गृहीत धरले होते. ती कुठवर आली आहेत हे विचारण्याची आणि सांगण्याची पद्धतच नव्हती. २०१३ मध्ये मृत्यूंची न्यायिक चौकशी पूर्ण झाली, शिफारशी झाल्या, कागद फाइलीत गेले.

त्यानंतर चार वर्षांनी, १४ जून २०१७ च्या मध्यरात्री, पश्चिम लंडनमधील ग्रेनफेल टॉवर पेटला.

पहिला फोन १२ वाजून ५४ मिनिटांनी आला. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात आग लागल्याचे त्या घरातल्या माणसाने स्वतः कळवले. जवान काही मिनिटांत पोचले. अशा इमारतींचे शास्त्र असे, की प्रत्येक घर म्हणजे काँक्रीटची एक पेटी. आग एका पेटीत लागली तर ती तिथेच कोंडून विझवता येते. म्हणून शेजाऱ्यांनी बाहेर पडून जिने अडवण्यापेक्षा आपापल्या घरात राहावे. परंतु काही काळापूर्वी नूतनीकरणात या इमारतीला बाहेरून जे आवरण चढवले होते, त्याच्या धातूच्या पत्र्यांच्या मध्ये पॉलिएथिलीन होते, म्हणजे जवळजवळ घन रूपातले इंधन. आग खिडकीतून त्या आवरणात शिरली आणि दीड वाजण्याच्या आतच एका बाजूने चोवीस मजल्यांच्या माथ्याला पोचली. पेट्यांचे शास्त्र तिथेच संपले.

लंडन अग्निशमन दलाचा नियंत्रण कक्ष एरवी शहराच्या नैर्ऋत्येला मर्टन येथे असतो. त्या रात्री तो पूर्वेकडच्या स्ट्रॅटफर्ड येथील पर्यायी जागेतून चालू होता. तिथल्या माणसांच्या डोळ्यांपुढे मनोऱ्याचे दृश्य नव्हते. सगळे लंडन खिडकीतून जे पाहत होते ते या माणसांना कानांनी, एकेका घराच्या अंधाऱ्या धुरातून, समजून घ्यायचे होते. फोन इतके झाले की काही एसेक्स, केंट आणि वायव्य इंग्लंडच्या अग्निशमन कक्षांकडे वळले. तिथल्यांना तर ही इमारत कोणती आणि कशी, याचीही कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनीही पुस्तकातलाच सल्ला दिला. थांबा.

आता परतीची वाट पाहू. एखादी आई सांगते, की आपण अमुक मजल्यावर, अमुक घरात, इतक्या मुलांसह अडकलो आहोत. ऑपरेटर ते लिहून घेते. तिथून ते रेडिओने किंवा फोनने इमारतीजवळ उभ्या असलेल्या गाडीत जाते. गाडीत ते कागदाच्या चिठोऱ्यावर उतरते. चिठोरे घेऊन एक जवान पडणाऱ्या जळत्या तुकड्यांतून धावत आत जातो. आत अधिकारी ते घरक्रमांक भिंतीवर लिहून जवानांना वर धाडतात. एकविसाव्या शतकातल्या, जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एका शहरात ही व्यवस्था होती. आणि उलट दिशेने, म्हणजे तो जवान त्या घरापर्यंत पोचला की नाही, जिना चढण्याजोगा आहे की नाही, हे ऑपरेटरला कळवणारी वाट जवळपास नव्हतीच. म्हणून ऑपरेटर दर वेळी तेच म्हणत राहिली, जे आठ वर्षांपूर्वी लाकानल हाउसला म्हटले गेले होते: येतच आहेत.

चौकशीचे अध्यक्ष न्यायमूर्ती मार्टिन मूर-बिक यांनी २०१९ मध्ये पहिला अहवाल दिला. 'थांबा' हा सल्ला १.३० ते १.५० या वेळात मागे घेता आला असता आणि घ्यायला हवा होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. प्रत्यक्षात काय झाले? नियंत्रण कक्षातल्या वरिष्ठ अधिकारी स्त्रीने २.३५ च्या सुमारास ठरवले, की यापुढे प्रत्येकाला बाहेर पडायला सांगायचे. घटनास्थळी प्रमुखाने तोच निर्णय २.४७ ला घेतला. दोन निर्णय, एकच आग, मध्ये बारा मिनिटे, आणि दोन्ही निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र. ज्या दोन खुर्च्यांनी सतत एकमेकींशी बोलत राहायला हवे होते, त्या दोन वेगळ्या गावांत असल्यासारख्या विचार करत होत्या.

यात आणखी एक बारकावा आहे. २.३५ नंतर जे फोन आले त्यांना नवा सल्ला देता येत होता. पण १.४० ला फोन केलेला, सल्ल्यावर विश्वास ठेवून दाराला ओले टॉवेल लावून बसलेला माणूस? त्याला कोण फोन करणार? सल्ला बदलणे म्हणजे एक वाक्य बदलणे नव्हे. ज्यांना जुने वाक्य सांगितले गेले त्या सर्वांची यादी हातात घेऊन उलट फोन लावणे हाही त्याचाच भाग आहे. ते काम ऑपरेटर आपणहून करू शकत नाही, कारण तिच्यापुढे पुढचा फोन वाजत असतो. ते कोणीतरी मागून ठरवावे लागते.

ग्रेनफेलमध्ये एकूण ७२ जण मरण पावले. अहवालाने ऑपरेटरांच्या निष्ठेची कदर केली. कक्षाच्या पर्यवेक्षकांवर प्रचंड ताण होता हेही नोंदवले. आणि मग मुद्द्यावर बोट ठेवले: एवढ्या संख्येने येणारे असे फोन सांभाळायचे कसे, याचे योग्य प्रशिक्षण दलाने आपल्या वरिष्ठ कक्ष-अधिकाऱ्यांना दिलेलेच नव्हते. लाकानलच्या चुका पुन्हा झाल्या, असेही त्यांनी लिहिले. शिफारशींत नियंत्रण कक्षाचा वरिष्ठ अधिकारी आणि घटनास्थळाचा प्रमुख यांच्यात स्वतंत्र, राखीव संपर्कवाहिनी असावी, असे एक कलम आहे. वाचणाऱ्याला वाटावे की हे तर पहिल्या दिवसापासून असणार. ते २०१९ मध्ये लिहावे लागले, न्यूयॉर्कच्या आयोगानंतर पंधरा वर्षांनी.

ही पाने वाचताना मराठी वाचकाला स्वतःची एक रात्र आठवल्यावाचून राहत नाही.

२६ नोव्हेंबर २००८. रात्री साडेनऊनंतर मुंबई पोलिसांच्या नियंत्रण कक्षात लिओपोल्ड कॅफे, छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताज, ट्रायडंट-ओबेरॉय, नरिमन हाउस अशी एकामागून एक नावे येऊ लागली. विलेपार्ल्यात आणि माझगावला टॅक्सींमध्ये स्फोट झाले. खऱ्या बातम्यांच्या जोडीला अफवाही होत्या. हल्लेखोर दहाच होते, पण फोनांवरून ते शंभर असावेत असे वाटत होते. कक्षापुढचा प्रश्न न्यूयॉर्क आणि लंडनपेक्षाही अवघड होता. इथे आग एका जागी नव्हती, ती चालत होती.

पोलीस आयुक्त हसन गफूर त्या रात्री ट्रायडंट परिसरात होते. नियंत्रण कक्षात त्यांच्या सांगण्यावरून सहआयुक्त (गुन्हे) राकेश मारिया बसले. पुढे राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने नेमका हाच मुद्दा उचलला. प्रधान म्हणजे माजी केंद्रीय गृहसचिव. यशवंतराव संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव म्हणूनही मराठी वाचक त्यांना ओळखतो. त्यांच्यासोबत होते व्ही. बालचंद्रन, गुप्तचर क्षेत्रातले अनुभवी अधिकारी. ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार अशा वेळी सहआयुक्त (कायदा व सुव्यवस्था) यांनी कक्ष सांभाळायचा आणि गुन्हे शाखेच्या सहआयुक्तांनी घटनास्थळी जायचे. त्या रात्री हे उलटे झाले, असे समितीने दाखवून दिले.

वरवर पाहता हा पदांचा तांत्रिक वाद वाटतो. पण कार्यपद्धती लिहिणाऱ्याच्या डोक्यात काही तर्क असतो. कोणत्या पोलीस ठाण्यात आज किती माणसे आहेत, राखीव तुकडी कुठे उभी आहे, कोणता रस्ता कोण अडवू शकेल, हे कायदा व सुव्यवस्थेच्या सहआयुक्ताच्या रोजच्या कामाचे विषय. गुन्हे शाखेचा माणूस तपासात मुरलेला. कोण अधिक शूर किंवा अधिक हुशार, असा हा प्रश्न नाही. मागच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या डोक्यात शहराचा नकाशा आधीपासून हवा, इतकाच त्याचा अर्थ.

याच रात्री कामा रुग्णालयाशेजारच्या रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. आयुक्तालयापासून ती गल्ली हाकेच्या अंतरावर. रुग्णालयाच्या आत सदानंद दाते जखमी अवस्थेत लढत होते आणि मदत मागत होते. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी पुढे माहिती अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या आणि २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' या पुस्तकात मदत वेळेवर का पोचली नाही, असा जाहीर सवाल केला. मारिया यांनी ते आरोप नाकारले आणि २०२० मध्ये आलेल्या आपल्या आत्मकथनात स्वतःची बाजू मांडली.

या वादात बाजू घेण्याची घाई इतिहासाच्या अभ्यासकाने करू नये. पण विनिता कामटे यांनी काय केले हे मात्र त्याने नीट पाहावे. भाषणे, श्रद्धांजल्या, वर्तमानपत्रांतील वर्णने हे सारे बाजूला ठेवून त्या थेट कक्षाच्या नोंदींकडे गेल्या: कोणता संदेश किती वाजता आला, कोणाला किती वाजता दिला गेला. ९/११ आयोगाने आणि मूर-बिक यांनी जे प्रचंड यंत्रणा वापरून केले, ते इथे एका पत्नीने अर्ज लिहून केले. आपल्याकडे त्यानंतरची चर्चा दोन माणसांच्या भांडणात अडकली, ही खेदाची गोष्ट. त्या खुर्चीत एका वेळी किती कामे एकाच माणसावर पडली होती, फोनांची छाननी कोण करत होते आणि फौजा पाठवण्याचे काम त्यापासून वेगळे काढता आले असते का, हे प्रश्न त्या भांडणाच्या धुळीत दिसेनासे झाले.

कारण त्याच रात्री, त्याच कक्षातून, परतीची वाट एकदा बिनचूक चाललीही. गल्लीतल्या गोळीबारातून वाचलेले अरुण जाधव यांनी हल्लेखोरांनी सोडून दिलेल्या पोलीस गाडीतून बिनतारीवर कळवले. हल्लेखोरांनी एक स्कोडा बळकावली होती. त्या गाडीचे वर्णन आणि ती मरीन ड्राइव्हने मलबार हिलच्या दिशेला येत असल्याची सूचना बिनतारीवरून गेली. गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची माणसे अडथळे लावून उभी होती. कोणती गाडी अडवायची हे त्यांना ठाऊक होते. पुढचे महाराष्ट्राला पाठ आहे: तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. ओंबळे यांचे शौर्य कोणत्याही संदेशाने निर्माण केलेले नाही. परंतु ते शौर्य योग्य गाडीसमोर, योग्य क्षणी उभे होते, ते त्या संदेशामुळे. पुतळे संदेशांचे उभारले जात नाहीत, म्हणून एवढे सांगणे भाग आहे.

आणि त्या रात्री आणखी एक नियंत्रण कक्ष चालू होता, कराचीत. हल्लेखोरांचे सूत्रधार इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनने ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधल्या माणसांशी सतत जोडलेले होते. समोर भारतीय वृत्तवाहिन्या चालू होत्या. कमांडो कुठे उतरले, बाहेर काय हालचाल आहे, हे पाहून ते आत सूचना देत होते. थेट प्रक्षेपणाच्या या परिणामावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात कठोर ताशेरे ओढले. केवळ रचना म्हणून पाहिली तर ती खोली अंगावर काटा आणते. न्यूयॉर्क, लंडन आणि मुंबईच्या कक्षांकडे जे नव्हते ते त्या खोलीकडे होते: घटनास्थळाचे सलग चित्र आणि आतल्या माणसाशी कधीही न तुटणारी वाट. अर्थात तिच्यापुढे माणसे मोजकीच होती आणि त्यांतल्या कोणालाही वाचवायचे नव्हते. वाचवणाऱ्याचे काम मारणाऱ्यापेक्षा नेहमीच अधिक गुंतागुंतीचे असते, पण म्हणूनच त्याच्या खुर्चीची तयारी अधिक हवी.

आज महाराष्ट्रात ११२ फिरवला की फोन नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात उचलला जातो. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि त्या भागातल्या पोलीस गाडीकडे जाते. रुग्णवाहिकेसाठी २०१४ पासून १०८ आहे. फोन किती सेकंदांत उचलला आणि गाडी किती मिनिटांत पोचली, हे आकडे मोजणे सोपे असते, म्हणून जाहिरातीत तेच येतात. विंपोल स्ट्रीटच्या त्या गृहस्थाला याचा आनंद झाला असता, कारण त्याची तक्रार एवढीच होती.

गडचिरोलीच्या एखाद्या गावातून पुराच्या रात्री चाळीस फोन आले, प्रत्येक फोन वेगळ्या ऑपरेटरने घेतला, आणि चाळीसही जण एकाच पुलाबद्दल बोलत आहेत हे ओळखायचे आहे, अशी कल्पना करावी. गावाचे नाव प्रत्येकजण वेगळे सांगतो: कोणी टोला म्हणतो, कोणी ग्रामपंचायतीचे नाव घेतो, कोणी फक्त नदीचे. एकोणिसाव्या फोनला पूल वाहून गेला आहे. विसाव्या फोनवरच्या ऑपरेटरला ते ठाऊक नाही आणि ती फोनवरच्या माणसाला पुलाकडे जायला सांगते आहे. इथे ऑपरेटरचा आवाज कितीही मृदू असला आणि फोन दुसऱ्या घंटेला उचलला गेला असला, तरी काही उपयोग नाही. विसावा फोन चालू असतानाच कोणीतरी मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला पाहिजे आणि म्हटले पाहिजे: पूल नाही, त्यांना शाळेच्या गच्चीवर जायला सांग, आणि आधीच्या एकोणिसांचे क्रमांक मला दे.